‘नोबडी’ला मराठीत शब्दच नाही

गेल्या रविवारी दुपारी जेवणं आवरून जरा आडवी झाले होते तेवढ्यात पुण्याहून भाच्याची व्हॉइस नोट आली. तो एमपीएससीच्या कम्बाइन परीक्षेची तयारी करतोय, सदाशिव पेठेत चौघांत मिळून एक रूम घेतलीय, दिवसभर अभ्यासिकेत असतो आणि दर रविवारी त्याची टेस्ट असते. म्हणाला, "मावशी, एक प्रश्न चुकला आणि का चुकला तेच कळेना. 'कोणी आलं नाही' याचं इंग्रजी मी 'एनीबडी डिड नॉट कम' वर टिक केलं. सरांना विचारलं तर म्हणाले असं नसतं, 'नोबडी केम' असतं, पाठ करून टाक. पण का नसतं? कोणी म्हणजे एनीबडी, आलं नाही म्हणजे डिड नॉट कम. मग चुकलं कुठे?"

ती नोट मी दोनदा ऐकली, कारण अगदी हाच प्रश्न मला एकेकाळी पडला होता आणि तेव्हा मलाही कोणी उत्तर दिलं नव्हतं. माझी पहिली नोकरी एका पतसंस्थेत होती, तिथे कॉम्प्युटरची नवी खोली झाली आणि साहेबांनी सांगितलं की दारावर लावायला इंग्रजीत पाटी कर, 'कोणीही आत येऊ नये'. मी स्केचपेननं छान अक्षरात लिहिलं, 'एनीबडी शुड नॉट कम इनसाइड'. साहेबांनी पाटी बघितली, लाल पेनानं 'एनीबडी'वर आणि 'नॉट'वर काट मारली, वरती 'नो वन' लिहिलं आणि पाटी परत दिली. काय चुकलं ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, नवीन होते. पण ते डोक्यात राहिलं ते राहिलंच, पुढे नोकरी सोडून कराडला आले, आठवी ते दहावीच्या मुलांच्या ट्युशन घ्यायला लागले, आणि दरवर्षी कोणत्या ना कोणत्या मुलाच्या वहीत तेच वाक्य सापडायला लागलं. एनीबडी डिड नॉट. एनीथिंग वॉज नॉट. गावं वेगळी, शाळा वेगळ्या, मुलं वेगळी, चूक मात्र तीच. इतकी मुलं एकाच ठिकाणी अडखळतात म्हणजे अभ्यास कमी पडला असं म्हणून चालत नाही, वाटेत काहीतरी आहे जे त्यांना कोणी दाखवलेलं नाही. व्हॉइस नोटमध्ये एवढं सांगता येणार नाही म्हणून इथे लिहितेय. त्यालाही लिंक पाठवणार आहे.

तर अरे, आधी मराठी वाक्य बघ. 'कोणी आलं नाही.' यात नकार कुठे आहे? 'कोणी'मध्ये नाहीये. 'कोणी आलं का?' यातही तोच 'कोणी' आहे आणि तिथे नकाराचा संबंध नाही. नकार आहे तो शेवटी, 'आलं नाही'मध्ये, म्हणजे क्रियापदात. आणि मराठीत जवळजवळ नेहमी तो तिथेच असतो. आपलं 'नाही' हे नुसतं चिकटवलेलं अव्यय नाहीये, ते चालतं, बदलतं: मी नाही, तू नाहीस, ते नाहीत. नव्हतो, नव्हतीस, नव्हते. नको, नका, नकोस. नये. आणि तू स्वतः त्या नोटमध्ये काय म्हणालास? 'कळेना'. एका शब्दात क्रियापद आणि नकार दोन्ही. आपण इतक्या सहज हे करतो की आपल्याला वाटतं सगळ्या जगात नकार क्रियापदापाशीच राहत असेल.

म्हणून मराठी मूल इंग्रजी करायला बसलं की आधी क्रियापद नकारी करून टाकतं, 'डिड नॉट कम', ते झालं की उरला 'कोणी', त्याच्या जागी 'एनीबडी'. शब्दाला शब्द बरोबर, आणि वाक्य चूक. कारण इंग्रजीत 'एनी'चं घराणंच असं आहे की साध्या विधानात त्याला आधी कशाचा तरी आडोसा लागतो. आधी नकार येऊन गेलेला पाहिजे, किंवा प्रश्न पाहिजे, किंवा 'इफ' पाहिजे. 'आय डिडन्ट सी एनीबडी' हे बरोबर, कारण 'डिडन्ट' आधी आलं आणि 'एनीबडी' त्याच्या मागून आलं. पण 'एनीबडी' जर कर्ता असेल तर ते वाक्यात सगळ्यात पुढे येऊन बसतं, त्याच्या आधी काहीच नाही, आडोसा नाही. मग इंग्रजी काय करते तर मागचा तो 'नॉट' उचलून पुढे आणते आणि 'एनी'मध्ये मिसळून टाकते. नॉट अधिक एनीबडी, झालं नोबडी. आता नकार पुढे गेला, म्हणजे क्रियापदाजवळचा काढायचा, दोन ठेवायचे नाहीत. 'नोबडी केम.' साहेबांनी माझ्या पाटीवर जिथे दोन काटा मारल्या त्या नेमक्या याच, एक 'एनी'वर आणि एक 'नॉट'वर.

कर्म असेल तर दोन्ही रस्ते उघडे आहेत. 'आय सॉ नोबडी' चालतं आणि 'आय डिडन्ट सी एनीबडी' पण चालतं, बोलताना दुसरं जास्त ऐकू येतं, पहिल्यात जरा जोर आहे, आपल्या 'कोणीच दिसलं नाही' मधल्या 'च'सारखा.

आणि 'नोबडी डिडन्ट कम' म्हटलं तर? आजच्या प्रमाण इंग्रजीत त्याचा हिशोब उलटा होतो, न आलेला कोणीच नव्हता, म्हणजे सगळे आले. पण मुलांना मी हेही सांगते की इंग्रजी आधीपासून अशी नव्हती. चौदाव्या शतकातल्या चॉसर या कवीच्या इंग्रजीत एका वाक्यात दोन, तीन, चार नकार एकमेकांना जोर द्यायला बिनधास्त येतात आणि अर्थ नकारीच राहतो. पुढे अठराव्या शतकात रॉबर्ट लाउथसारख्या व्याकरणकारांनी दोन नकार एकमेकांना खोडतात हा नियम पुस्तकात पक्का केला आणि शाळांनी तो उचलला. आजसुद्धा इंग्लंड-अमेरिकेतल्या कितीतरी बोलींत लोक 'आय डिडन्ट सी नोबडी' म्हणतात आणि त्यांना म्हणायचं असतं की कोणी दिसलं नाही. परीक्षेत ते लिहायचं नाही एवढंच. हे सांगितल्यावर मुलांचा चेहरा जरा मोकळा होतो, आपण काहीतरी भलतंच केलं ही भीती जाते आणि मग नियम ऐकायला कान उघडतात.

आता मला खरं जे सांगायचंय ते. मराठीत 'नोबडी' या अर्थाचा एक शब्द नाहीये. 'नथिंग'लाही नाही. शोधून बघ. 'कोणीच नाही' म्हणशील तर ते एका शब्दाचं काम वाक्याच्या दोन टोकांनी मिळून केलेलं आहे, 'कोणीच' एकीकडे आणि 'नाही' दुसरीकडे. पण म्हणून मराठी गरीब आहे असं अजिबात समजू नको. इंग्रजीनं सम, एनी, नो असे वेगवेगळे शब्द केले, आपण एकच 'कोणी' घेतला आणि त्याला शेपट्या लावल्या: तरी, ही, च. आणि या शेपट्या इतक्या बारीक काम करतात की इंग्रजीच्या धड्यातला सम-एनीचा अर्धा गोंधळ त्यांच्यावरच सुटतो.

'कोणीतरी दार वाजवतंय.' कोण ते माहीत नाही पण कोणीतरी नक्की आहे. समबडी. 'कोणीही येऊ शकतं.' निवड मोकळी, वाटेल तो. एनीबडी, पण हा 'वाटेल तो'वाला, याला आडोसा लागत नाही. आणि नुसता, शेपटी नसलेला 'कोणी' कुठे येतो ते बघ: 'कोणी आहे का?' प्रश्नात. 'कोणी फोन केला तर सांग.' जर-तर मध्ये. 'कोणी आलं नाही.' नकारात. इंग्रजी 'एनी'ला जे तीन आडोसे लागतात म्हणाले ना मी, तेच तीन! 'इज एनीबडी देअर?', 'इफ एनीबडी कॉल्स, टेल मी', 'आय डिडन्ट सी एनीबडी'. म्हणजे आपला बिनशेपटीचा 'कोणी' आणि इंग्रजीचा 'एनी' एकाच गल्लीत राहतात, फक्त 'कोणी'ला वाक्यात सगळ्यात पुढे बसायला मुभा आहे, कारण मराठी ऐकणारा शेवटच्या क्रियापदापर्यंत थांबतो. आडोसा लागणाऱ्या 'एनी'ला ती मुभा नाही, इंग्रजी ऐकणाऱ्याला नकार आधी कळायला हवा असतो. हे मला समजलं तेव्हा मी एकटीच वर्गात बसले होते, मुलं अजून यायची होती, आणि मी फळ्यावर ती तीन वाक्यं मराठीत आणि खाली इंग्रजीत लिहून नुसती बघत राहिले होते. कोण आनंद झाला होता मला!

'कोणीतरी'ची एक परीक्षा करून बघ. 'कोणीतरी आलं नाही' असं म्हटलं तर काय होतं? आपण सहलीला निघालोय, बसमध्ये डोकी मोजली, एक कमी भरतंय. कोणीतरी आलं नाही. म्हणजे बाकी सगळे आले, एक जण राहिला. 'समबडी हॅजन्ट कम.' एक 'तरी' लावला आणि रिकाम्या बसची भरलेली बस झाली.

आणि ते पुस्तकात असतं ना, प्रश्नात 'एनी' वापरा पण काही वेळा 'सम' पण चालतं, आणि पुढे उदाहरण 'वुड यू लाइक समथिंग टू ईट?' मुलं विचारतात बाई हे असं का, प्रश्न तर आहे. मी म्हणते तुमच्या आईकडे बघा. दारात पोस्टमन आला, घाईत आहे, तर आई विचारते 'काही हवंय का?' तिथे हो-नाही दोन्ही मोकळं आहे. पण मामा आलाय, सोफ्यावर बसलाय, तर आई काय म्हणते? 'काहीतरी खाशील ना?' तिला 'हो' हवंय, नव्हे ती गॅस पेटवूनच आलीय. तो 'काहीतरी' म्हणजे 'समथिंग'. समोरचा हो म्हणणार असं धरून विचारलेला प्रश्न असला की 'सम'. अपवाद म्हणून पाठ करायची गरजच नाही, आपल्या स्वयंपाकघरात तो रोज बोलला जातो.

बरं, आता शब्दांच्या जातींकडे येते, कारण भाच्याचा पुढचा मेसेज तोच होता, की 'सम' प्रोनाऊन की ॲडजेक्टिव्ह, एका गाइडमध्ये एक लिहिलंय आणि दुसऱ्यात दुसरं. दोन्ही गाइड बरोबर आहेत. 'काही मुलं आली' यात 'काही' मुलांबद्दल सांगतंय, नामाच्या आधी बसलंय, ते विशेषण. 'काही आली, काही घरीच राहिली' यात 'काही' स्वतःच मुलांच्या जागी उभं आहे, ते सर्वनाम. शब्द तोच, खुर्ची वेगळी. 'सम चिल्ड्रन केम' आणि 'सम केम, सम स्टेड ॲट होम' यात हेच आहे. ऑल, मेनी, फ्यू, सेव्हरल, ईच, बोथ, आयदर, नायदर सगळ्यांना हे लागू. मागे नाम असेल तर विशेषण, नवीन व्याकरणाची पुस्तकं त्याला डिटर्मिनर म्हणतात, शाळेत अजून ॲडजेक्टिव्ह म्हणतात, परीक्षेत जो पर्याय दिला असेल तो. मागे नाम नसेल किंवा 'ऑफ' असेल, 'सम ऑफ देम' असं, तर सर्वनाम. पण समबडी, एव्हरीवन, नथिंग हे कधीच नामाच्या आधी बसत नाहीत, कारण त्यांच्या पोटातच नाम आहे. 'बडी' म्हणजे इथे माणूस, 'थिंग' म्हणजे गोष्ट, 'वन' म्हणजे एक. 'नन' हा तर जुन्या इंग्रजीत सरळ 'नाही' अधिक 'एक' असा जोडून झालेला शब्द आहे, आपल्या 'एकही नाही'चा सख्खा भाऊ.

शब्दाच्या कपाळावर जात लिहिलेली नसते हे मुलांना पटायला वेळ लागतो. त्यांना यादी हवी असते, हा शब्द नाम, हा शब्द क्रियापद, संपलं. पण 'वन' घे. 'वन बुक'मध्ये ते संख्या सांगणारं विशेषण. 'द रेड वन'मध्ये ते पुस्तकाच्या जागी आलेलं. आणि 'वन शुड बी केअरफुल' यात ते अनिश्चित सर्वनाम, त्याचं मराठी 'एकाने काळजी घ्यावी' असं केलं की सगळा घोटाळा, कोण हा एक? आपण मराठीत म्हणतो 'माणसानं जपून राहावं', नाहीतर 'आपण आपलं जपून राहावं'. इथे 'आपण' म्हणजे मी पण नाही आणि तू पण नाही, कोणीही.

आणि या जाती आठच का, हाही प्रश्न मला एका सातवीतल्या मुलीनं विचारला होता, मला फार आवडला होता तो. आठ हा आकडा ग्रीकांकडून आलाय. डायोनिशियस थ्रॅक्स याच्या नावावर असलेल्या ग्रीक व्याकरणात शब्दांच्या आठ जाती आहेत, पण त्यात केवलप्रयोगी नाही, त्याऐवजी आर्टिकल आणि धातुसाधित वेगळे मोजलेत. लॅटिनमध्ये आर्टिकलच नव्हतं, मग त्यांनी ते काढलं आणि केवलप्रयोगी घातलं, आकडा आठच राहिला. तिथून फिरत फिरत इंग्रजीत आला. आपल्याकडे प्राचीन काळी यास्कानं निरुक्त या ग्रंथात चारच सांगितल्यात: नाम, आख्यात (म्हणजे क्रियापद), उपसर्ग, निपात (म्हणजे अव्ययं). आणि शाळेत आपण शिकतो ते नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी हे आठ इंग्रजीच्या आठांशी एकास एक जुळतात, त्याचं कारण सरळ आहे, एकोणिसाव्या शतकात दादोबा पांडुरंग तर्खडकरांपासून मराठी व्याकरणं लिहिली गेली ती इंग्रजी शाळांच्या काळात आणि इंग्रजी व्याकरणं समोर असताना. दादोबांचं व्याकरण १८३६चं. म्हणून आपल्या मुलांना पार्ट्स ऑफ स्पीच नवीन वाटायला नकोत, नावं त्यांना आधीच येतात, फक्त प्रेपोझिशन म्हणजे आपलं शब्दयोगीच, पण ते आपल्याकडे नामाच्या पाठीला चिकटतं आणि तिकडे नामाच्या पुढे चालतं, एवढं सांगितलं की पुरे.

पण आठ जाती माहीत असण्याचा उपयोग काय, तर माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा उपयोग इथे आहे: इंग्रजीत नकार यातल्या जवळजवळ कुठल्याही जातीत जाऊन लपतो. आपल्याकडे क्रियापद बघितलं की कळतं (शिवाय, विना असे थोडे सोडले तर), तिकडे शोधावा लागतो. 'नोबडी'मध्ये तो सर्वनामात आहे. 'नो मनी'मध्ये विशेषणात. 'नेव्हर'मध्ये क्रियाविशेषणात. 'विदाउट टेलिंग एनीबडी' बघ, नकार प्रेपोझिशनमध्ये आहे, आणि त्याचं मराठी काय, 'कोणाला न सांगता', आला परत क्रियापदाला चिकटून. 'अनलेस यू कम'मध्ये तो उभयान्वयी अव्ययात आहे, आपण म्हणतो 'तू आला नाहीस तर', परत क्रियापद. म्हणूनच मुलं 'अनलेस यू डू नॉट कम' लिहितात, नकार क्रियापदात घातल्याशिवाय त्यांना चैनच पडत नाही. 'नोबडी डिड नॉट कम' आणि 'अनलेस यू डू नॉट कम' या दोन चुका पुस्तकात दोन वेगवेगळ्या धड्यांत असतात, शिक्षक दोन वेगवेगळ्या दिवशी लाल करतात, पण मूळ एकच आहे.

आणि 'फ्यू'! 'फ्यू' आणि 'अ फ्यू' हा प्रश्न परीक्षेला हमखास. 'अ फ्यू पीपल केम', थोडे लोक आले, काही का होईना आले. 'फ्यू पीपल केम', याचं मराठी कर बघू. 'थोडे लोक आले' केलंस तर दोन्ही सारखीच झाली ना? याचं खरं मराठी 'फारसं कोणी आलं नाही'. बघ, परत नकार निघाला! इंग्रजी वाक्यात 'नॉट' नाही, 'नो' नाही, तरी नकार आहे, 'फ्यू'च्या आत दडलेला. 'लिटल'चंही तसंच, 'देअर इज लिटल वॉटर' म्हणजे पाणी फारसं नाहीये. तो एवढासा 'अ' लावला की ग्लास अर्धा भरलेला, काढला की अर्धा रिकामा. 'नायदर'चं मराठी 'दोघांपैकी कोणीच नाही', 'हार्डली एनीबडी'चं 'जवळजवळ कोणीच नाही'. एकदा ही खूण कळली की वाक्य वाचताना हात आपोआप तिथे जातो.

उलट बाजूनं येताना एक वाक्य मुलांना फार छळतं: 'मला कशाचीच भीती वाटत नाही.' 'काही'चं 'कशा' होतं हे इंग्रजी धड्यात कोण सांगणार? काही, कशाला, कशाची, कशातच. कोणी, कोणाला, कोणाकडे. आपली अनिश्चित सर्वनामं विभक्तीत अंगच बदलतात, इंग्रजीची जशीच्या तशी राहतात, 'समबडीज' एवढं एक सोडलं तर. 'कशाचीच' हे 'काही' आहे हे ओळखलं की मग 'आय ॲम नॉट अफ्रेड ऑफ एनीथिंग' लिहायला अर्धा मिनिट लागत नाही. मराठी व्याकरण नीट आलं तर इंग्रजी सोपी जाते हे मी पालकांना सांगून सांगून थकले, सेमी इंग्लिश आहे म्हणून मराठीकडे दुर्लक्ष करतात आणि मग इंग्रजीतच मुलं अडकतात, मला खरंच वाईट वाटतं.

एव्हरीवनबद्दल थोडक्यात. 'एव्हरीवन हॅव' लिहितात कारण डोक्यात 'सगळे' असतं, सगळे आले, अनेकवचन. 'एव्हरीवन' म्हणजे 'सगळे' धरूच नका, 'प्रत्येकजण' धरा. प्रत्येकजण आला, एकवचन, 'एव्हरीवन हॅज'. झालं.

पण त्याच्या पुढची गोष्ट मला जास्त जवळची आहे. 'प्रत्येकानं आपलं पुस्तक आणावं.' आता इंग्रजी कर. 'एव्हरीवन शुड ब्रिंग...' आणि इथे अडलं. हिज बुक? हर बुक? वर्गात मुलं-मुली दोन्ही आहेत. आपल्या 'आपलं'नं हा प्रश्नच येऊ दिला नव्हता, 'आपलं'ला बाई-पुरुष नाही. आणि माणूस कोण ते माहीत नसेल तर मराठी सरळ नपुंसकलिंग काढते, 'कोणीतरी आलं होतं', 'कोण आलंय बघ', आला पण नाही आणि आली पण नाही, आलं. इंग्रजीकडे माणसासाठी असं तिसरं घर नाही, 'इट' म्हणता येत नाही, मग व्याकरणकारांनी सांगितलं की 'हिज' वापरा, त्यात बायका धरल्यात असं समजा. आपल्या राज्यघटनेच्या इंग्रजी मजकुरात अनुच्छेद २१ वाचला तर तिथे 'नो पर्सन'च्या जिवाबद्दल लिहिताना 'हिज लाइफ' असंच आहे. तो अर्थ सगळ्यांना लागू होतो, कारण पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धरायच्या असं १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम १३मध्ये लिहून ठेवलंय, आणि घटनेचा अर्थ लावायलाही तो कायदा लागतो. भाषेतली फट कायद्याला बुजवावी लागली! बोलणाऱ्या लोकांनी मात्र कधीच आपला मार्ग काढला होता, 'एव्हरीवन शुड ब्रिंग देअर बुक'. हा एकवचनी 'दे' चौदाव्या शतकापासून इंग्रजीत आहे, आजकालचं फॅड नाही. मी मुलींना तोच शिकवते, आणि परीक्षेच्या पर्यायांत 'हिज ऑर हर' असेल तर ते घ्या म्हणते.

आणि त्याच अनुच्छेद २१ची सुरुवात बघ, भाच्या, तुझ्या पॉलिटीच्या पुस्तकात आहे ती. इंग्रजीत पहिलाच शब्द 'नो'. नो पर्सन शॅल बी डिप्राइव्ह्ड. नकार दारातच उभा. तेच आपण मराठीत सांगताना काय म्हणतो? कायद्यानं ठरवलेल्या पद्धतीशिवाय कोणत्याही व्यक्तीचं जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावून घेतलं जाणार नाही. 'कोणत्याही' पासून सुरुवात, आणि 'नाही' अगदी शेवटी. इंग्रजीतला तो पहिल्या शब्दातला नकार मराठीत येताना सगळं वाक्य ओलांडून शेवटच्या शब्दात जाऊन बसला. तुझं टेस्टमधलं चुकलेलं वाक्य आणि हे, दोन्ही एकाच रस्त्यावरची आहेत, फक्त प्रवासाची दिशा उलटी.

एवढं लिहून झाल्यावर संध्याकाळी त्यालाच फोन केला आणि वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मावशी, मग 'सगळे आले नाहीत' याचं काय? 'एव्हरीबडी डिड नॉट कम'?" मी म्हटलं, तूच सांग, सगळे आले नाहीत म्हणजे किती आले? म्हणाला, "काही आले, काही नाही." मग तुझं इंग्रजी वाक्य तसंच सांगतंय का? ऐकणाऱ्याला दोन्ही वाटू शकतं, एकही आला नाही असंही. पुन्हा थांबला. मागून त्याच्या रूममेटचा आवाज आला, नॉट पुढे घे की. आणि मग दोघांनी मिळून वहीत लिहून फोटो पाठवला, तीन ओळी, आजूबाजूला खाडाखोड: 'नोबडी केम.' 'समबडी डिडन्ट कम.' 'नॉट एव्हरीबडी केम.' तिसऱ्या ओळीतल्या 'नॉट'खाली त्यानं दोन रेघा मारल्या होत्या.